बुंध्याला लावलेला कान

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये.

हे घडलं भर दुपारी. मागच्या उन्हाळ्यात, चालत्या रस्त्यावर. आणि ज्यांच्यावर बेतलं ती माझ्या सख्ख्या मावशीची मुलं. देवासमोर बसून सांगावं तसं सांगतो, पदरचं एक अक्षर नाही.

दोघं भावंडं. मावशी आणि काका लवकर गेले. धाकटीला दादानंच वाढवलं, तिच्या वेण्या घालायलासुद्धा तोच शिकला. जीभ मात्र विंचवाची. नांगी मारल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नसे.

धाकटी म्हणायची, "बोलतो वाईट. पण तो नसला तर मला आहे कोण?"

खरंच दुसरं कुणी नव्हतं.

शहरातल्या रस्त्यांवरची झाडं मोजायचं काम दोघांना मिळालं होतं. नकाशावर रस्ते आखून दिलेले. एकेका झाडापाशी थांबायचं, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, नंबराचा पत्रा ठोकायचा. शेवटी बुंधा वाजवून बघायचा. दादा एका बाजूनं लाकडी हातोडा मारी, धाकटी दुसऱ्या बाजूला खोडाला कान लावी. ठण्ण वाजलं तर भरीव. बद्द वाजलं तर पोकळ. पोकळ झाड धोक्याचं, ते आधी तोडणार.

त्या दिवशी रस्त्याच्या टोकाचं जुनं शिरीषाचं झाड तेवढं राहिलं होतं. बुंधा इतका रुंद, की पलीकडचा माणूस दिसायचा नाही.

समोरच्या घरातून एक आजोबा लगबगीनं आले.

"मोजा, पत्रा ठोका, हवं ते करा. पण याला कान लावू नका."

"का हो? झाडाला गुदगुल्या होतात?" दादा म्हणाला.

आजोबा हसले नाहीत. त्यांची नात इथं लपाछपी खेळत होती. तिच्यावर राज्य होतं. याच बुंध्यावर डोळे टेकून ती आकडे म्हणत होती आणि मागून ट्रक आला... लपलेली पोरं घाबरून घरोघरी पळाली.

"'येऊ का?' विचारायचं राहिलं होतं तिचं. ते अजून विचारते. 'ये' म्हणायला कुणी राहिलंच नाही ना... तुम्ही उत्तर देऊ नका, बाबांनो. पाया पडतो."

म्हातारा खरंच वाकला.

"वा आजोबा! पोरीला इतकी वर्षं ताटकळत ठेवलीत?" दादा म्हणाला. "तुम्हीच म्हणायचं होतं की 'ये'. आजोबा म्हणवता ना स्वतःला?"

"दादा, पुरे!" धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारा मात्र रागावला नाही. तो दादाकडे बघत राहिला. नीट, निरखून. मडकं घेताना वाजवून पारखावं, तसा.

मग आपल्या दारात जाऊन उभा राहिला.

धाकटीनं खोडाला कान लावला.

पहिला ठोका. ठण्ण.

दुसरा. ठण्ण.

तिसऱ्या ठोक्याचा हादरा तिच्या जबड्याला जाणवला. पण आवाज... आलाच नाही.

मग तिच्या लक्षात आलं, रस्त्याचाही आवाज येत नव्हता. गाड्या जात होत्या. माणसं बोलत होती. सगळं मुकं.

आणि खोडाच्या आतून, अगदी कानाशी...

"अठ्ठ्याण्णव... नव्याण्णव... शंभर."

लहान मुलीचा आवाज. कंटाळलेला.

"येऊ का?"

धाकटीनं कान काढला.

"दादा... आत कुणीतरी विचारतंय."

"काय विचारतंय?" पलीकडून हसू आलं.

"येऊ का म्हणून. दादा, चल इथून. तुला माझी शपथ."

"तुझी शपथ कशाला वाया घालवतेस?" आणि मग तो मोठ्यांदा ओरडला, "ये गं बाई, ये! हातोडा घेऊन उभाच आहे मी!"

काहीच झालं नाही.

मग पाचोळा वाजला.

छोटी पावलं. अनवाणी. पानं दबत होती, पाय दिसत नव्हते. ती पावलं धाकटीपाशी आली... थांबली... तिच्या गुडघ्याला गार श्वास लागला.

पुढे गेली.

आणि पलीकडून...

"सापडलास!"

हातोडा पडला. रस्त्याचा गोंगाट एकदम परत आला.

धाकटी धावत वळसा घालून गेली. दादा बुंध्याला तोंड करून उभा होता. हाताची घडी खोडावर आणि त्यात डोळे दडवलेले.

"एक... दोन... तीन..."

"दादा, मस्करी पुरे हं."

"चार..."

रस्त्यावरच्या चौघांनी मिळून त्याला ओढून काढलं. कपाळाचं सालटं झाडालाच राहिलं.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, मेंदूला धक्का बसला. घरी आणल्यापासून तो भिंतीला तोंड करून उभा आहे. धाकटी बाजूनं घास भरवते. तो गिळतो आणि मोजतो.

ती तरातरा आजोबांकडे गेली. ते अंगण झाडत होते. गुणगुणत.

"सुटली हो माझी पोर," म्हणाले.

"तुम्हीच तर सांगितलंत, उत्तर देऊ नका!"

"जो त्या झाडाला हात लावायला येतो, त्याला तेच सांगतो मी. मायाळू माणूस ऐकतो आणि निघून जातो. मला न ऐकणारा हवा होता."

"मग आता मीच दादाला 'ये' म्हणते."

"म्हण की. तो सुटेल, राज्य तुझ्यावर येईल." आजोबांनी झाडू टेकवला. "मीही रोज म्हणणार होतो, पोरी. रोज. नाही झालं धाडस."

धाकटीचंही झालं नाही.

परवा तिचा फोन आला. आवाज शांत होता.

"तुझ्या ओळखीत कुणी आहे का रे? ज्याला कुणाची दयामाया नाही असा?"

"तुला असं बोलवतं तरी कसं?" मी ओरडलो.

आणि तिच्या मागून, दादाचा आवाज...

"येऊ का?"

मी घाईघाईनं फोन ठेवला. हातपाय धुतले. देवाचं नाव घ्यायला बसलो. हात जोडले, डोळे मिटले.

आणि देवाच्या आधी... ओठांवर एका माणसाचं नाव आलं.