पाकिटातला अंक

देवशिळेत आता कुणी नवं घर बांधत नसे. शहराखालचा खडक एक दिवस सरकणार आणि सगळं गिळणार, हे कळून बावीस वर्षं झाली होती. केव्हा, तेवढं आज कळायचं होतं. त्यासाठी अकरा देशांतले शास्त्रज्ञ विद्यापीठाच्या जुन्या दगडी सभागृहात जमत होते, आणि शाल-नारळ घेऊन दारात उभ्या होत्या अतिथिगृहाच्या यामिनीबाई तेरदाळकर.

हार घेऊन आलेल्या दुर्पदानं विचारलं, "बाई, खडक कधी सरकंल ते ह्यांना कसं कळतं?"

"खडकावर ताण आला की त्यातून बारीक कण सुटतात. भूकण म्हणतात त्यांना. ताण जास्त तर कण जास्त. ते मोजले की किती महिने उरले ते निघतं."

"तुम्हाला बरं ठावं."

बरं ठाऊक असणारच. भूकण बाईंनीच शोधले होते, याच विद्यापीठात, सव्विसाव्या वर्षी. शोधाच्या वह्या उचलल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या विश्राम केळुसकरनं. वर चौकशी समितीपुढे 'हिनंच माझं चोरलं' म्हणून शपथेवर सांगितलं. चोर तो चोर, वर शिरजोर! तो जिनिव्हाला गेला आणि बाई अतिथिगृहातल्या चादरी मोजत राहिल्या. एकतीस वर्षं झाली, पण त्यांचा पीळ काही जळला नव्हता.

तोच केळुसकर आता या मोजणीचा प्रमुख म्हणून पायऱ्या चढून आला. बाईंनी त्याला शाल घातली.

"यामिनी, तू अजून इथंच?" तो हसला. "बरं झालं. पाकीट सांभाळायला तुझंच नाव सुचवलं होतं मी. विषयाशी काडीचा संबंध नसलेलं माणूस लागतं त्याला."

"आठवण ठेवलीत," बाई म्हणाल्या.

पाकिटाची रीत अशी. मोजणाऱ्याला उत्तर आधी दिसलं, तर तो नकळत आपल्या सोयीनं मोजतो. म्हणून एक त्रयस्थ माणूस मनानंच एक अंक ठरवतो, यंत्रात घालतो आणि लिहून पाकिटात बंद करतो. यंत्र तो मोजणीतून निघालेल्या महिन्यांत मिळवतं, पण कुणाला दाखवत नाही. याला म्हणायचं झाकणअंक. सगळं काम संपलं की भरसभेत पाकीट फुटतं, फळ्यावर तो अंक वजा होतो आणि खरं उत्तर उरतं. एकदा वजा झालं की फिरवाफिरव नाही. पाकीटवाल्याला मोजणी ठाऊक नसते आणि मोजणाऱ्याला पाकीट.

बाईंनी यंत्रात घातलेला अंक होता २३९८. काल दुपारी त्यांनी दुसरं पाकीट तयार केलं, त्यात लिहिलं १३९८. उत्तर काय निघेल ते त्यांना ठाऊक नव्हतं. चुकीचं निघेल एवढं पुरे होतं. दोन वर्षांनी जपानी प्रयोगशाळा वेगळ्या पद्धतीनं पडताळणी करणार होती. तेव्हा केळुसकर जगापुढे तोंडावर आपटेल, मग जुनं सगळं उकरलं जाईल. उट्टं काढायला त्या एकतीस वर्षं थांबल्या होत्या. आणखी दोन काय जड होती?

सभागृह गच्च भरलं. केळुसकरनं फळ्यावर मोजणी लिहिली, २४०७. पाकीट फोडलं आणि खाली लिहिलं, १३९८.

"एक हजार नऊ महिने," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षं. देवशिळेनं निवांत झोपावं."

टाळ्यांनी छत दणाणलं. कुलगुरू डोळे पुसत होते. पण बाईंनी मनातल्या मनात दुसरी वजाबाकी केली होती. चोवीसशे सातातून तेवीसशे अठ्ठ्याण्णव. नऊ महिने.

दुर्पदानं त्यांचा दंड धरला. ती रडत होती. "बाई, आता माडीचा स्लॅब टाकते. लेकाला पुण्याहून माघारी बोलावते, नातवंडांसकट."

बाईंच्या पर्समध्ये खरं पाकीट होतं. ते दाखवलं की शहर रिकामं होईल आणि लाखो जीव वाचतील. आणि वाचवणारा कोण? केळुसकर. चौकाचौकात त्याचा पुतळा उभा राहील, बाईंच्या शोधावर. त्या मात्र तुरुंगात, पुन्हा एकदा खोटारड्या ठरून. आणि नाही दाखवलं तर? नऊ महिन्यांनी जो वाचेल तो केळुसकरच्या नावानं थुंकेल. त्यासाठी बाईंना काहीच करायचं नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना आतून गोड वाटलं, आणि त्या गोडीचीच भीती वाटली.

"आता आभारप्रदर्शन," निवेदक म्हणाला. "श्रीमती तेरदाळकर."

त्या माईकपाशी गेल्या. पर्स उघडली. पाकिटाला बोटं लागली. पहिल्या रांगेत केळुसकर शाल सावरत शेजारच्याला सांगत होता, "आमच्या लॅबमध्ये होती पूर्वी. वह्या बिह्या लिहायची."

बाईंनी पाकिटाखालचा रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पर्स मिटली.

त्यांनी मांडववाल्यांचे आभार मानले. आचाऱ्यांचे मानले. हार करणाऱ्या दुर्पदाबाईंचे मानताना आवाज जरा अडखळला. लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

"आणि शेवटी डॉ. केळुसकर," त्या म्हणाल्या. "आज त्यांनी या शहराला जे सांगितलं, त्यासाठी त्यांचं नाव कुणी कधीच विसरणार नाही."

केळुसकर उठला आणि त्यानं हात जोडले. सगळं सभागृह त्याच्यासाठी उभं राहिलं, दुर्पदासुद्धा.