उतरलेला पियानो

वाद्यवृंदाच्या निवडीसाठी शेवटी दोनच उमेदवार उरले होते, आणि दालनाबाहेर बाकही एकच होता. त्यामुळे चाचणी देऊन तरातरा बाहेर आलेला कुरळ्या केसांचा तरुण गिटारीसकट चिऊच्या शेजारी येऊन आदळला, यात खरे तर कुणाचाच दोष नव्हता.

“जपून! वाद्याला लागेल.”

“आता काय लागायचं राहिलंय...” तो म्हणाला, आणि मान वळवून तिच्याकडे बघतच राहिला. त्या बघण्याने चिऊच्या कानाच्या पाळ्या उगीचच तापल्या.

पलीकडे बसलेल्या तिच्या मावशींच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते. चिऊला गिटार त्यांनीच शिकवली होती, तीही पायावर पट्टी मारून.

“ओळख आहे का तुमची? नाही ना? मग सरकून बसा.”

तो सरकला, पण पुन्हा तिच्याकडे झुकून कुजबुजला, “तारा कशावर लावल्यात?”

चिऊने गिटारीच्या माथ्याला चिमट्यासारखा बसवलेला, सूर तपासणारा ट्यूनर दाखवला. सहाही तारांना हिरवा दिवा लागला होता.

“मीही तेच केलं. पण या फेरीत पियानोची साथ आहे, आणि तो पियानो उतरलाय. सगळेच सूर किंचित खाली. पहिल्याच स्वराला आम्ही दोघे — अगदी सासू-सुना!”

तिला हसू फुटले, पण लगेच तिने आपल्या तारांकडे पाहिले. “मग आत गेल्यावर लावीन.”

“वेळ देत नाहीत. माझं सगळं वाजवून झाल्यावर पियानोवाल्यांकडून एक स्वर मागून घेतला आणि ही पाचवी तार त्यावर लावून आणली... तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“म्हणजे... पुढच्या उमेदवारासाठी.”

“वा रे शहाणे!” मावशी कडाडल्या. “स्वतःचं बिनसलं, आता हिचंही बिनसवा, की झाली बरोबरी! चिऊ, खुंटीला हात लावशील तर याद राख.”

तो लालबुंद झाला. वाद न घालता त्याने आपली गिटार अलगद चिऊच्या बाजूला, बाकावर ठेवली आणि हात मागे घेतले.

वर्षभर बोटांची सालटी काढून चिऊ या दारापर्यंत पोहोचली होती. हा खोटे बोलत असला तर ती आपल्याच हाताने बुडणार होती. खरे बोलत असला, तर मावशींचे ऐकून. आत खुर्च्या सरकल्या. आता कोणत्याही क्षणी पुकारा होणार होता.

तिने त्याची पाचवी तार छेडली, मग आपली. दोन स्वर जवळ होते, पण एक नव्हते. त्यांच्या मध्ये काहीतरी थरथरत होते. तिने डोळे मिटले... आणि खुंटी सैल केली.

“चिऊ!”

थरथर मंदावली. आणखी मंदावली. थांबली. ट्यूनरचा दिवा लाल झाला. तिने तो काढूनच टाकला. मग सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबून पाचवीशी जुळवली, पाचवी दाबून चौथी लावली, चौथी दाबून तिसरी. घाईघाईत तिसरी तारही पाचव्यावरच दाबली.

“चौथा!” तो कळवळला. “इथे चौथा पडदा!”

“ठाऊक आहे मला!”

“ठाऊक असणारच... बोट तेवढं विसरलं.”

शेवटची तार लागते न लागते तोच पुकारा झाला. मावशींकडे न पाहता ती आत गेली.

पियानोवाल्यांनी पहिला स्वर दिला. जीव मुठीत धरून तिने तार छेडली. तो स्वर पियानोच्या स्वरात असा मिसळला की वेगळा काढता येईना.

ती बाहेर आली, तेव्हा तो उभाच होता. थोड्याच वेळात संचालकांनी येऊन तिची निवड जाहीर केली, तेव्हा टाळ्या वाजवणारा तो एकटाच होता.

“मावशींनी खरंच अडवलं असतं तर?” त्याने हळूच विचारले.

“अडवलंच होतं की.”

“मग... विश्वास का ठेवलात?”

“बुडवायला आलेला माणूस आपलं वाद्य दुसऱ्याच्या हवाली करून असा... असा बघत बसत नाही.”

“कसा?”

“मघापासून बघताय तसा.”

मावशींनी दोघांकडे पाहिले, पदर सावरला आणि चिऊच्या गिटारीची जड पेटी बोटाने दाखवली.

“नुसते बघताय काय? उचला. घर लांब आहे, आणि मला वाटेत बरंच विचारायचंय.”