खाटेखालची सम

बाबांसाठी बर्फ आणायले तेवढी बाहेर गेली होती मी. एकाहत्तरचा मे, नागपूरच्या इतवारीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. परतली, खिडक्यांना लावलेल्या खसच्या ताट्यांवर बादलीभर पाणी फेकलं. खोलीत अंधार, ओल्या खसचा वास, अन् खाटेवर बाबांची घरघर. आज काही खरं नाही, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते.

माहे बाबा विश्वनाथ मास्तर. बोलपट नवे होते ना, तेव्हा सिनेमाले चाली देणाऱ्या पहिल्या लोकांतले. तेव्हा गाणं शूटिंगमध्येच व्हायचं, माईक एकच. वाजवणारा दिसू नये म्हणून हिरॉईन खाटेवर बसून गायची, अन् बाबा खाटेखाली कुशीवर पडून पेटी वाजवायचे. "शेवटची सम आली का क्यामेरा बंद, अन् आपली सुटका!" हसत सांगायचे.

त्या दुपारी म्हणाले, "इंदे, माही चाल वाजव वं... समेवर सोड मले."

मी काय दूधखुळी होती? समजली सगळं. पेटी मांडीवर घेतली, वाजवत गेली, अन् सम यायच्या आधीच थांबली. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा थांबली.

"काहून... अर्धवट सोडून राहिली वं?"

"हात दुखते बाबा."

खोटं बोलली. माह्यं दुसरं होतं कोण, तूच सांग वं भागीरथा, लहानपणची मैत्रीण तू माही! शेवटी पेटी बंद केली, कडी लावली, छातीशी धरून बसली. नाही जाऊ देणार म्हणजे नाही.

तेव्हा खाटेखाली पेटीचा भाता हलल्याचा आवाज आला... मग चाल सुरू झाली, मी सोडली होती तिथूनच.

बाबांचा चेहरा फुलला. "नका ना बाबा... थांबा..." मी खाटेवर हात आपटत राहिली. कोण ऐकते?

सम आली. घरघर थांबली.

खूप वेळानं खाली वाकली. ताट्यांचं पाणी साऱ्या फरशीवर पसरलं होतं. खाटेखाली तेवढं कोरडं, कुशीवर पडलेल्या माणसाएवढं.

दरसाल ताट्या लागतात, अन् तेवढी फरशी कोरडीच राहते. यंदा तर तिथं मी हातानं लोटाभर पाणी ओतलं, तरी कोरडीच.

त्या खाटेवर आता म्हातारपणी मी झोपते. अन् सम अडवायले माह्याजवळ कोणी नाही वं.