सत्ताविसाव्या प्रश्नावरची हरकत

मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. बारावीचा गणिताचा पेपर संपला. दोन वाजून एकतीस मिनिटांनी सत्ताविसाव्या प्रश्नाविरुद्ध पहिली हरकत नोंदवली गेली. साडेतीनपर्यंत राज्यातल्या चारशे एक्क्याण्णव केंद्रांनी तीच हरकत, त्याच शब्दांत नोंदवली होती : ‘प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आणि अतिकठीण.’

साल २०५१. नियम सोपा होता. एकाच कारणाखाली चार वाजेपर्यंत पाचशे केंद्रांच्या सह्या आल्या, की प्रश्न आपोआप रद्द आणि त्याचे चार गुण सगळ्यांना. लातूरच्या या केंद्राची सही अजून व्हायची होती. ती करायची होती शाल्मली बिराजदारने, कारण वर्गाने तिला प्रतिनिधी निवडले होते. निवड झाली त्या दिवशी ती गैरहजर होती, एवढीच तिची पात्रता.

परीक्षेच्या खोलीत आता तिघेच उरले होते : शाल्मली, जुनैद तांबोळी आणि रेवण माळी. बाकीचे सदतीस जण बाहेर पायऱ्यांवर बसून सहीची वाट पाहत होते. पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. तीन महिन्यांच्या जागरणाने तिघांचेही डोळे चुरचुरत होते.

फळ्याशेजारी ‘दखल’ उभा होता. मुलांच्या हरकती ऐकून घेणारा हा यंत्रमानव परीक्षा मंडळाने प्रत्येक केंद्रावर ठेवला होता.

“सही कर की बिराजदार,” रेवण बाकावर डोके टेकून म्हणाला. “घरी जाऊन झोपायचंय मला. जूनपर्यंत.”

शाल्मलीलाही सही करायचीच होती. उत्तरे लिहायच्या पाट्यांची कच्ची तपासणी पेपर संपल्यावर वीस मिनिटांत होत असे, आणि तिच्या पाटीवर आकडा आला होता ब्याऐंशी. खगोलशास्त्राच्या ज्या अभ्यासक्रमासाठी ती दोन वर्षे घासत होती, तिथे पंच्याऐंशी लागत. प्रश्न रद्द झाला तर शहाऐंशी. तिने बोट दखलच्या छातीवरच्या पडद्यापर्यंत नेले आणि थांबली.

“दखल, हा प्रश्न अतिकठीण आहे, हे कसं ठरतं?”

“आज मी अकराशे बेचाळीस मुलांशी बोललो,” दखल म्हणाला. सगळ्या केंद्रांवरचे दखल आतून एकच होते. “हा प्रश्न विचारणारी तू पहिली. बाकीच्यांनी फक्त सांगितलं.”

“बघा, यंत्रसुद्धा कंटाळलं,” जुनैद म्हणाला.

“काठिण्य निर्देशांक (प्रश्न किती जणांना सुटला याचं माप) काढणं सोपं आहे,” दखल म्हणाला. “तुम्ही चाळीस जण. सत्ताविसावा प्रश्न सुटला आठ जणांना. आठ भागिले चाळीस, म्हणजे शून्य पूर्णांक दोन. आकडा जितका लहान, तितका प्रश्न जड.”

“झालं तर मग,” रेवण म्हणाला. “अतिकठीण.”

“थांब. ते आठ कोण, हेही बघावं लागतं. पूर्ण पेपरात सगळ्यात जास्त गुण असलेली दहा मुलं घ्या आणि सगळ्यात कमी गुणांची दहा. बाराव्या प्रश्नात वरच्या दहांपैकी नऊ बरोबर, खालच्या दहांपैकी तीन. फरक सहाचा. म्हणजे गणित येणारे आणि न येणारे या प्रश्नानं नीट वेगळे केले. याला भेदन निर्देशांक (वेगळं करण्याच्या ताकदीचं माप) म्हणतात. आता सत्ताविसावा. वरच्या दहांपैकी दोन बरोबर. खालच्या दहांपैकीही दोनच.”

शाल्मलीने मनात वजाबाकी केली. “फरकच नाही.”

“नाही. चाळणीची भोकं बारीक असली की थोडंच खाली पडतं, ते काठिण्य. पण पीठ आणि कोंडा सारखाच खाली पडत असेल, तर ती चाळणी काय वेगळं करतेय, हे शोधावं लागतं.”

रेवणने डोके वर उचलले. “म्हणजे मी कोंडा का?”

“तू अजून गव्हातच आहेस,” जुनैद म्हणाला. मग त्याने प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचला. “दहा मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकून उभी आहे. तिचं खालचं टोक भिंतीपासून सेकंदाला एक मीटर वेगानं दूर सरकतं आहे. शिडीच्या बरोबर मध्यावर एक मुंगी चिकटून बसली आहे. खालचं टोक भिंतीपासून सहा मीटरवर असताना, भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यापासून मुंगीच्या अंतराच्या बदलाचा दर (अंतर किती वेगाने बदलते ते) काढा. कठीण नाही रे हा. नवा आहे. असला कधी आलाच नव्हता.”

“पेपर काढणाऱ्या यंत्राचं मत उलटं आहे,” दखल म्हणाला. “त्याच्या नोंदीत हा प्रश्न जुना आहे. ते नावीन्य शब्दांवरून मोजतं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका प्रश्नाशी याचे बहुतेक सगळे शब्द जुळतात. त्यात शिडीच्या वरच्या टोकाचा वेग विचारला होता. आणि एकोणिसावा प्रश्न, चंद्रावरच्या वसाहतीतल्या घुमटाच्या काचेचा, तो त्याच्या नोंदीत सगळ्यात नवा.”

“तो नवा?” शाल्मली म्हणाली. “घुमट म्हणजे अर्धा गोल. सूत्र घातलं की उत्तर. सगळ्यांना आला तो.”

“चाळीसपैकी छत्तीस जणांना.”

“मग यंत्राचं मोजमाप चुकतंय. चंद्र नवा होता, पायऱ्या जुन्याच. आणि सत्ताविसाव्यात शिडी जुनी, पण...” ती थांबली. “आमच्या वर्गातल्या चुका काय काय आहेत, सांगशील? नावं नकोत.”

“अठरा जणांनी पाऊण मीटर प्रति सेकंद असं लिहिलं आहे. तो वरच्या टोकाचा वेग.”

“म्हणजे त्यांनी नऊ वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं,” जुनैद म्हणाला. “मीही. पहिली ओळ वाचली आणि हात सुटला. क्लासमध्ये हा शिडीचा प्रकार दोनशे वेळा केलाय आपण. मुंगी मला दिसलीच नाही.”

“ज्या आठ जणांना सुटला, त्या सगळ्यांनी आधी आकृती काढली आहे. त्यांतल्या काहींना सूत्र आठवत नव्हतं, म्हणून.”

“आणि उरलेले चौदा?” शाल्मलीने विचारले.

“चौदा जणांनी उत्तर शून्य काढलं. मग खोडलं. पाटीला खोडलेलंही दिसतं.”

शाल्मलीने मान खाली घातली. तिने शून्य काढले होते. दोनदा. मग घड्याळाकडे पाहिले होते आणि दोन्ही खोडली होती. “त्या चौदांत मी आहे,” ती म्हणाली.

“चार मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर शून्य कोण ठेवतं?” रेवण पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. “मला वाटलं, कुठंतरी चुकलं.”

“पण बरोबर कसं ते?” जुनैदने विचारले. “मुंगी खाली तर येतेय.”

शाल्मलीने आपली फूटपट्टी घेतली आणि भिंतीला तिरकी टेकवली. “ही शिडी. भिंत आणि बाक या दोन बाजू. समोरच्या दोन बाजू मनानं काढ, आयत होतो. शिडी त्याचा एक कर्ण (समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ). दुसरा कर्ण या कोपऱ्यातून निघतो. आयताचे कर्ण सारख्या लांबीचे असतात आणि एकमेकांना मध्यावर छेदतात. कुठल्या इयत्तेत शिकलो?”

“आठवीत.”

“शिडी दहा मीटर, म्हणून दुसरा कर्णही दहा. मुंगी दोन्हींच्या मध्यावर. म्हणजे कोपऱ्यापासून पाच मीटर.” तिने पट्टी हळूहळू सरकवली. “आयत बसका होत जातो, पण कर्ण दहाच राहतो. मुंगी खाली येते आणि भिंतीपासून लांबही जाते. कोपऱ्याभोवती पाच मीटरच्या वर्तुळावर फिरते. अंतर पाचच. बदलाचा दर शून्य.”

जुनैदने पट्टी तिच्या हातून घेतली आणि स्वतः सरकवून पाहिली. मग पुन्हा एकदा. “अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणे,” तो म्हणाला.

तीन वाजून छप्पन्न मिनिटे झाली होती. पडद्यावर ‘अतिकठीण’च्या पहिल्या रकान्यात चारशे शहाण्णव सह्या होत्या.

“दुसरा रकाना कसला आहे?” शाल्मलीने विचारले.

“प्रश्न मोजायला हवं ते मोजत नाही, अशी हरकत. तिला मुदत नाही. आपोआप काहीच होत नाही. माणसांची समिती बसते आणि प्रत्येक केंद्राचे आकडे बघते. केंद्रातल्या दोन मुलांच्या सह्या लागतात. मात्र चाळीस मुलं थोडी आहेत. दोन आणि दोन हा योगायोगही असू शकतो. राज्यभरातल्या नोंदी पाहिल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.”

“किती सह्या आहेत त्यात?”

“एकही नाही.”

रेवण उठून उभा राहिला. “हे बघ, तू शून्य खोडलंस, मीही खोडलं. मान्य. पण बाहेर सदतीस जण बसलेत. मला काठावर पास व्हायला तीन मार्क कमी पडतायत. पहिल्या रकान्यात सही कर.”

“अभ्यासक्रमाबाहेरचा होता का तो, रेवण?”

“नव्हता.”

“अतिकठीण?”

त्याने बॅग उचलली, दारापर्यंत गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला.

शाल्मलीने दुसरा रकाना उघडला. बोटे जड झाली होती, तरी एकेक शब्द नीट लिहिला : ‘हा प्रश्न अभ्यासक्रमातला आहे. आमच्यातल्या चौदा जणांना तो सुटला होता, पण त्यांनी स्वतःच्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही. अठरा जणांनी तो पूर्ण वाचला नाही. हे मोजायचे असेल तर तसे आधी सांगावे. नावीन्य शब्दांवरून मोजू नये, पायऱ्यांवरून मोजावे.’ खाली तिने सही केली. तिच्याखाली जुनैदने केली.

“पायऱ्यांवरून मोजणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही,” दखल म्हणाला.

“कुणीतरी बनवेल,” ती म्हणाली. “आज नाही. आज झोप.”

चार वाजता पहिला रकाना बंद झाला, तेव्हा त्यात चारशे सत्त्याण्णव सह्या होत्या. आणखी चार केंद्रांच्या सह्या पडताळणीत अडकल्या होत्या; त्यांतल्या तीन जरी ग्राह्य ठरल्या, तरी पाचशे भरणार होत्या. दुसऱ्या रकान्यातला शाल्मलीचा मजकूर सर्व केंद्रांना वाचता येत होता. सायंकाळी सहापर्यंत एकवीस केंद्रांनी त्याखाली आपापले आकडे जोडले. त्यांतल्या नऊ ठिकाणी वरच्या दहांत आणि खालच्या दहांत फरक निघाला, बारा ठिकाणी निघाला नाही. समितीची बैठक गुरुवारी सकाळी अकराला ठेवली होती. चार केंद्रांची पडताळणी रात्री आठपर्यंत पूर्ण झालेली नव्हती.