म्हाताऱ्या ताऱ्यांची काजळी

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात ऋता पोचली तेव्हा ती आठवडाभर न झोपल्यासारखी दिसत होती. तिच्या संशोधन संस्थेतलं इन्फ्रारेड मशीन बंद पडलेलं, म्हणून पीएच.डी.च्या गाईडनं ओळखीनं इथलं वापरायला मिळवून दिलं होतं. प्रयोगशाळेत रंगांचे नमुने तपासणारा सुयश एकटाच होता.

"काय तपासायचंय?"

"काजळी."

"ती आमच्या चिमणीतही भरपूर आहे की..."

ती दमून हसली. म्हातारे तारे विझत येताना कार्बनची धूळ बाहेर टाकतात. तशीच काजळी ऋता बनवायची आणि मशीनवर निघालेला तिचा आलेख ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखाशी ताडून बघायची. तीन वर्षं तो जुळत नव्हता. फेलोशिप मार्चमध्ये संपणार होती.

मग दर मंगळवारी दुपारी ती येऊ लागली. सुयश तिचा चहा बशीखाली झाकून ठेवू लागला.

"जरा मागे सरा," ती एकदा म्हणाली. "तुमचा श्वास आलेखात येतोय."

"श्वास पण दिसतो?"

"दिसतो."

"मग माझं काही लपायचं नाही..."

तिनं मान खाली घातली; कान मात्र तापले.

चौथ्या मंगळवारी तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. "आलेखातली ही टोकं काजळीची नसावीत. आमच्या नमुन्यांतही यायची — प्लास्टिकच्या पिशवीचा तेलकटपणा."

ऋतानं हातातल्या, काजळी ठेवायच्या पिशवीकडे पाहिलं. तीन वर्षं. ती स्टुलावर बसली. रडायचंही त्राण नव्हतं. सुयशनं समजूत घातली नाही. बेसिनपाशी जाऊन तो काचेच्या बाटल्या धुवायला लागला.

"हे काय?"

"नवी काजळी कशात आणाल?"

फेब्रुवारीअखेर आलेख जुळला. अगदी तंतोतंत नाही, पण गाईडचं समाधान होण्याइतका. संस्थेतलं मशीनही सुरू झालं होतं.

"म्हणजे पुढच्या मंगळवारी..." सुयश म्हणाला.

"काम नाही काही."

तो पुसलेलीच बाटली पुन्हा पुसत राहिला. ऋतानं बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"मी फार दमलेय, सुयश. दमले की मला कुणीच जवळ नको असतं. आईसुद्धा." तिनं बॅग खाली ठेवली. "इथं मात्र... तू हवास असं वाटतं."

त्यानं बाटली खाली ठेवली आणि स्टूल पुढं ओढलं.

"बस मग," तो हळूच म्हणाला. "मलाही कधीचं वाटतंय."