तांब्याची जन्मखूण

समस्थानिक-मापकाने दिलेला आकडा डॉ. सुनीती इंगवले यांना पटला नाही. त्यांनी तोच नमुना आणखी दोनदा चालवला. आकडा हलला नाही.

नमुना होता छावणी बागेतल्या स्मारकाचा. कांस्याचा जवान चाळीस वर्षं तिथे उभा होता. त्याच्या रायफलीला तडा गेला, म्हणून नगरपालिकेने तड्याजवळचा एक कपचा धातुशोध प्रयोगशाळेत पाठवला होता. जवानाचा चेहरा सुनीतीच्या वडिलांचा, हवालदार रंगराव इंगवले यांचा होता. ते गेले तेव्हा ती चार वर्षांची होती.

सीमेवरच्या चौकी क्रमांक सातवर शत्रूचे तोफगोळे पडले आणि रंगरावांसह बारा जण मारले गेले, असं शहर सांगत आलं होतं. तोफगोळ्याच्या पोलादी अंगाभोवती तांब्याचा पट्टा असतो. त्या पट्ट्यांचे तुकडे चौकीवरून वेचून आणले आणि त्यातूनच रायफल ओतली. वेचून आणणारे कर्नल दामोदर शितोळे त्या वेळी कॅप्टन होते. पुढे स्मारक समितीचे अध्यक्षही तेच झाले.

सुनीतीने सहकारी डॉ. अस्लम मुजावर यांना बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून मांडायला सांगितलं. तिला स्वतःची चूक पकडायची होती.

"तांब्यात चिमूटभर शिसं असतंच," मुजावर म्हणाले. "त्या शिशाच्या चार समस्थानिकांचं आपसातलं प्रमाण खाणीगणिक वेगळं असतं. ती तांब्याची जन्मखूण. धातू कितीही वेळा वितळवला तरी ती पुसली जात नाही. ही खूण सोनघाटीची आहे, मॅडम."

"सोनघाटी आपली खाण आहे."

"हो. आणि तिथलं सगळं तांबं आपल्या तोफगोळ्यांसाठी राखीव होतं. बाहेर कुणालाच दिलेलं नाही."

कांस्यासाठी घातलेल्या कथलाचा वाटा त्यांनी आधीच वजा केला होता. ओतणाऱ्याने बाजारातलं तांबं मिसळलं असेल, असं सुनीतीने सुचवून पाहिलं. पण सोनघाटीचं तांबं बाजारात येतच नव्हतं. म्हणजे चौकीवर पडलेले गोळे आपलेच होते. सुनीतीने अहवाल छापायला घेतला.

दुपारी ती कर्नल शितोळ्यांच्या घरी गेली. बाबांच्या स्मृतिदिनाला दरवर्षी घरी येणारा, शाळेच्या प्रत्येक निकालाची चौकशी करणारा हा माणूस. तो तिला काकापेक्षा वेगळा कधी वाटलाच नव्हता. तिने अहवाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश, दोनदा वाचला.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिला तुकडा उचलला तेव्हाच. त्यावर आपल्या कारखान्याचा शिक्का होता." त्यांचा आवाज कोरडा होता. "सगळे तुकडे वेचले. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून ओतशाळेत मी स्वतः उभा राहिलो. वितळलं की संपलं, असं वाटलं होतं."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. शत्रू चौकीखालच्या उतारावर जमला होता. रंगरावांनी वायरलेसवरून त्या उताराचे नकाशावरचे आकडे कळवले. तोफा शितोळ्यांच्या हुकमतीत होत्या. गोळे चौकीवर पडायला लागल्यावर रंगराव वायरलेसवर ओरडत होते, पण शब्द कळत नव्हते, आणि शितोळ्यांना वाटलं, शत्रूचा मारा सुरू झालाय. त्यांनी आणखी दहा गोळे टाकायला लावले.

"आकडे बाबांनी चुकीचे दिले होते?" सुनीतीने विचारलं. या उत्तराची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

"नाही. त्याचे आकडे बरोबर होते. मी दोन अंक उलटे वाचले."

  अहवाल आज संध्याकाळी नगरपालिकेकडे जाणार आहे, एवढंच तिने सांगितलं. शितोळ्यांनी तिला थांबवलं नाही.

"तुझ्या यंत्राला खाण कळते," ते म्हणाले. "तोफ कुठली होती, हुकूम कुणाचा होता, ते कळतं का?"

"नाही. ते धातूत नसतं."

कर्नल शितोळे मेजाकडे गेले, कोरा कागद ओढला आणि चष्मा लावला.

"मग तेवढं मी लिहून देतो. बस."