मागचं दार बुजवल्यावर

यातला एक शब्द खोटा असेल, तर माझी जीभ झडो.

सन १८८७. पौष अमावास्येची तिन्हीसांज. ठाण्याच्या खाडीकाठची एक कापसाची गिरणी.

मी राघो, तिथला दिवेवाला. दारावर दिवा लावून ठेवायचा, म्हणजे काही झालंच तर माणसांना बाहेरची वाट दिसावी. एवढंच माझं काम.

दिवाळीनंतर साहेबांनी मागचं दार विटांनी बुजवलं आणि पूर्वेच्या भिंतीत नवं पाडलं. मी दिवा तिकडे हलवणार होतो. पण कामावरच्या बायका अडून बसल्या. माझी लक्ष्मी सगळ्यांच्या पुढे.

"अहो, उंबऱ्यावरचा दिवा असा काढू नये. वाईट होतं."

बायकोपुढे माझं कधी चाललंय? जुना तिथेच ठेवला, नव्या दारावर दुसरा लावला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

त्या सांजेला कापसाने पेट घेतला. धुरात काही दिसेना. दिसत होते फक्त दोन दिवे...

जवळचा होता जुना.

अकरा बायका तिकडे धावल्या. लक्ष्मी माझा हात धरून नव्या दारापर्यंत आली होती. ती मागे वळून ओरडली, "अगं बायांनो, तिकडं भिंत हाय!"

आणि हात सोडून त्यांना आणायला गेली.

एकही परत आली नाही.

महिन्याभरात गिरणी पुन्हा चालू झाली. जुना दिवा मी फोडून टाकला.

तरी दिवेलागणीला त्या कोपऱ्यात उजेड दिसायचा...

मग भिंतीवर तळहात आपटल्याचा आवाज... थप्... थप्...

साहेब काय म्हणायचं ते म्हणोत! एका संध्याकाळी मी पहार घेतली आणि ती भिंत पाडली.

पलीकडे खाडीचा वारा. कोणी नाही.

आवाज थांबला. सुटल्या बिचाऱ्या, असं वाटलं. मी ढसाढसा रडलो.

घरी आलो. कडी काढायला हात नेला...

बंद घरात, दारावर आतून तळहात वाजले.

आता ते दार मी चौकटीसकट उखडून टाकलंय. नुसतं भोक उरलंय. कुत्री आतबाहेर करतात. लक्ष्मी मात्र बाहेर पडत नाही.

रोज तिन्हीसांजेला आतून तिचा आवाज येतो...

"अहो, दार कुठं हाय?"

मी दिवा धरून त्या भोकाबाहेर उभा राहतो. "अगं, इकडे ये!" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडतो.

तिची पावलं मागच्या भिंतीकडे जातात.